विल्मा, झिया, झारा आणि थकबाकी

निवृत्त माणसाने सतत नवीन काहीतरी शिकत राहावं, असा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिला ते सगळे अजून नोकरीत आहेत. मी बँकेतून सुटलो तेव्हा आता शिकायला नव्हे, तक्रार करायला भरपूर वेळ मिळणार म्हणून खूश होतो. पाण्याचा दाब, लिफ्ट, पेपरवाला, वरच्या मजल्यावरचं फर्निचरचं काम. विषयांना तोटा नव्हता. त्यात पहिला मान घरातल्या कॉम्प्युटरचा. 2016 साली घेतलेला. त्याचं बटण दाबून मी आंघोळीला जात असे आणि टॉवेल खांद्यावर टाकून परत आलो तरी पडद्यावरचे ठिपके आपले गोल गोल फिरत असत. मग त्यांच्याकडे बघत कंपनी, दुकानदार, अमेरिका आणि एकूणच भांडवलशाही यांना क्रमाने नावं ठेवायची. दिवसाची सुरुवात झकास व्हायची.

या सुखाला 14 ऑक्टोबर 2025 ला दृष्ट लागली. त्या दिवशी विंडोज 10 ची मुदत संपली. म्हणजे कॉम्प्युटर चालणार, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळणार नाहीत. विंडोज 11 घालावं तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो. माझा सहाव्या पिढीचा. दुकानदाराने मशीन उघडून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘काका, तब्येत चांगली आहे हो, पण पिढी जुनी.’’ आवाजात इतकी कणव होती की हे मशीनबद्दल चाललंय की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

माझा भाचा हिंजवडीला आयटीत आहे. तिथे तो नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. तो फोनवर म्हणाला, ‘‘मामा, लिनक्स टाक.’’

‘‘केवढ्याला पडतं?’’

‘‘फुकट आहे.’’

‘‘मग नको.’’

‘‘का?’’

‘‘अरे, फुकटची वस्तू बिघडली तर भांडायचं कोणाशी?’’

भाच्याने हा प्रश्न हसण्यावारी नेला. पुढे जे काही झालं ते सगळं या एका प्रश्नात होतं, पण तरुण माणसं ऐकून घेत नाहीत. त्याने मला विंडोजच्या जागी बसणाऱ्या या लिनक्सचं माहात्म्य सांगितलं. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या पोराने 1991 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हौस म्हणून हे सुरू केलं आणि आज जगातले सगळ्यात वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटर घेतले तर 2017 पासून त्यातले झाडून सगळे लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकचे ‘परम’ही त्यावरच. ‘‘आणि मामा, तुझ्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा आतून लिनक्सच आहे.’’ सुपरकॉम्प्युटरला जे झेपतं ते आमच्या सोसायटीच्या मेन्टेनन्स बिलांना नक्कीच झेपेल, असं वाटून माझी छाती फुगली. हो, मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. कसा झालो ते पुढे येईल.

लिनक्स टाक म्हणणं सोपं आहे. कुठलं, हे विचारलं की माणसं तासभर बोलतात. डेबियन आहे. 1993 साली इयन मर्डॉक नावाच्या तरुणाने ते काढलं आणि मैत्रिणीच्या डेब्रा या नावाचा अर्धा भाग आपल्या नावापुढे जोडून त्याचं बारसं केलं. त्याच्या आवृत्त्यांना नावं असतात ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या खेळण्यांची. उबुंटूवाले प्राण्यांची नावं ठेवतात. त्यांच्या 2024 च्या प्राण्यांतला एक निघाला नम्बॅट, म्हणजे ऑस्ट्रेलियात वाळवी खाऊन जगणारा एक जीव. आमच्या कपाटांची अवस्था पाहता मला तोच पसंत पडला होता. पण भाचा म्हणाला, तुझ्या मशीनमध्ये रॅम चारच जीबी, तू मिंट घे, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घे. मिंटमध्ये आवृत्तीला बाईचं नाव असतं. मी लाइट बिलाच्या पाठीमागे टिपून घेतलं:

‘विल्मा. झिया. झारा (सर्वांत नवी, हिलाच घ्यावे). तिघींनाही 2029 पर्यंत सपोर्ट.’

हा कागद बिल भरायला म्हणून सौ.ने उचलला. तिने तो शांतपणे दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाली, ‘‘पेन्शनमध्ये तिघी झेपणार आहेत का?’’

मिंट उतरवून घेतलं की साधारण तीन जीबीची एक फाइल मिळते. ती पेनड्राइव्हवर चढवावी लागते. नुसती कॉपी करून भागत नाही, एका खास प्रोग्रामने लिहावी लागते. पेनड्राइव्ह टीव्हीखालच्या खणात मिळाला. प्रोग्रामने विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? बँकेत असताना मी काउंटरपलीकडच्या प्रत्येक माणसाला ‘नीट वाचून सही करा’ म्हणून दटावलेलं आहे. स्वतः मात्र धडाधड ‘हो’ दाबत गेलो. त्या पेनड्राइव्हवर भजनी मंडळाच्या आषाढी एकादशीच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण होतं. त्यात सौ.ने पहिल्यांदा एकटीने गौळण म्हटली होती आणि विठ्ठल मंदिरातल्या पंख्याचा आवाज सोडला तर ती उत्तम झाली होती. ही बातमी मी घरात सांगितली. सौ. काही बोलली नाही. बोलणी मंडळातल्या इतर बायकांची आली, फोनवर, एकेकीची स्वतंत्र. लिनक्स अजून घरात आलंही नव्हतं.

मशीन सुरू होताना एफ-12 दाबत राहायचं आणि पेनड्राइव्ह निवडायचा. ते एकदाचं जमलं आणि पडद्यावर मिंट उभं राहिलं. इथे भाच्याने एक सोय सांगितली होती. ‘‘लगेच इन्स्टॉल करू नकोस. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघ. मशीनला काही होत नाही.’’ चालवून बघितलं. काय सांगू! मेन्यू दाबला की मेन्यू येत होता. फाइल उघडली की फाइल उघडत होती. आंघोळीला जायला वेळच मिळेना. लिबरऑफिस आधीपासून भरलेलं होतं, ते उघडलं आणि या भरात सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं तुंबलेलं इतिवृत्त लिहायला बसलो. मराठी कळफलक अजून सापडला नव्हता म्हणून इंग्रजीत. पार्किंगवरून झालेली जुंपाजुंपी इंग्रजीत घातली की तिची सगळी धार जाते, त्यामुळे एकेका वाक्याला वेळ लागत होता. ए विंगचे सभासद ‘‘तुमची गाडी आहे की जहाज?’’ असं म्हणाले होते, त्याला मी ‘वाहनाच्या आकारमानाविषयी पृच्छा केली’ असं रूप दिलं. रात्री जेवण गार झालं तेव्हा उठलो. फाइल डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह केली, नाव दिलं, सेव्ह झाली याची खात्री केली, बंद करताना मशीनने सांगितलं तसा पेनड्राइव्ह काढला आणि एंटर दाबलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्युमेंट्स रिकामं. नुसतं रिकामं नाही, निर्मळ. आदल्या संध्याकाळी तिथे कोणी बसलं होतं याची खूण नाही. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मामा, ते लाइव्ह सेशन होतं. सगळं रॅममध्ये राहतं. मशीन बंद झालं की गेलं.’’

‘‘मग मला सेव्ह का करू दिलं?’’

‘‘तू कर म्हणालास, त्याने केलं.’’

इतकं आज्ञाधारक यंत्र मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. माझ्यातला तक्रारदार खडबडून जागा झाला. असल्या गोष्टीची सूचना लाल अक्षरात, आडव्या पट्टीत, निदान तीन ठिकाणी पाहिजे. कोणाला लिहू? पत्ता दे, मॅनेजरचं नाव दे. भाचा म्हणाला, मॅनेजर नसतो, बग रिपोर्ट असतो, तो भर. त्याच्यात काय काय विचारतात ते त्याने सांगितलं आणि मी गार पडलो. आवृत्ती कोणती. काय केलं. काय होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात काय झालं. आणि पुन्हा तसंच घडवून आणायचं असेल तर काय करावं, क्रमवार लिहा. मी जन्मभर तक्रारी केल्या त्या त्वेषाने केल्या. तक्रारीला कृती लागते, हे रेशनकार्डाच्या ऑफिसातसुद्धा कोणी म्हणालं नव्हतं.

‘‘आणि खरं सांगू का मामा,’’ भाचा पुढे म्हणाला, ‘‘इतकं वाटतंय तर ती सूचना तूच तयार करून पाठव ना. कोड उघडा आहे. चांगली असेल तर घेतीलही.’’

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. वार्षिक सभेत मी पाण्याच्या टाकीच्या सफाईवरून उभा राहून सणसणीत बोललो होतो. अध्यक्ष म्हणाले, ‘‘यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. सेक्रेटरीपदासाठी मी यांचंच नाव सुचवतो.’’ खाली बसेपर्यंत अनुमोदन मिळून गेलं होतं. ओपन सोर्स म्हणजे आमची सोसायटीच. सगळं सगळ्यांचं, काम बिनपगारी, आणि जो तक्रार करील त्याच्या गळ्यात ते काम. नंतर वाचलं तर या प्रकाराचा मूळ पुरुषही असाच अडकलेला निघाला. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ होते. तिथल्या नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. कागद अडकला की छपाईसाठी थांबलेल्यांच्या पडद्यावर तसा निरोप जावा, एवढी सुधारणा स्टॉलमनना करायची होती. जुन्या प्रिंटरला त्यांनी ती केलीही होती. नव्याचा कोड मागितला तर मिळेना. मग त्यांनी 1983 साली, सगळी ऑपरेटिंग सिस्टिमच नव्याने आणि सगळ्यांना खुली लिहायची, असं जाहीर करून ग्नू प्रकल्प काढला. टोरवाल्ड्सचं काम पुढे त्यालाच येऊन मिळालं. कागद अडकल्याची तक्रार केली आणि आयुष्यभराचं सेक्रेटरीपद लागलं.

इतिवृत्त मी आठवणीने पुन्हा लिहिलं. या खेपेला पार्किंगचा वाद सामोपचाराने मिटला. सभेत तो मिटला नव्हता, पण वाचून कोणी हरकत घेतली नाही.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करताना दोन पर्याय समोर येतात. विंडोजच्या शेजारी मिंट बसवा, किंवा सगळी डिस्क पुसून बसवा. सोसायटीच्या हिशेबाचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो, म्हणून शेजारी. या वेळी मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली आणि सौ.ला साक्षीदार म्हणून उभं केलं. निर्विघ्न पार पडलं. एवढंच की वायफाय गायब. वायफायच्या त्या चिमुकल्या डोंगलला ड्रायव्हर हवा होता, ड्रायव्हर नेटवर होता आणि नेट वायफायवर होतं. शेवटी फोन वायरने जोडून त्याचं नेट मशीनला दिलं. दोन मिनिटांचं काम. ते दोन मिनिटांचं आहे हे कळायला रविवार गेला.

पुढचे काही दिवस भाचा आणि मी फोनवर बोलत होतो. माझे दोन्ही हात कळफलकावर, म्हणून फोन स्पीकरवर. एका संध्याकाळी ब्राउझर अडकला. टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत चालू प्रोग्रामची यादी दिसते, त्यातला नको तो बंद करायचा असतो. आमचं संभाषण जसंच्या तसं देतो.

‘‘मामा, जास्त खाणारं मूल कोणतं दिसतंय?’’

‘‘खूप मुलं आहेत रे. खालून तिसरं.’’

‘‘त्याला मार.’’

‘‘मारलं. मरत नाहीये.’’

‘‘नऊ लावून मार.’’

‘‘गेलं! पण आई जिवंत आहे.’’

‘‘मग आईलाच मार. राहिलेली मुलं अनाथ झाली तर इनिट दत्तक घेतो, तू काळजी करू नकोस. आणि मामा, तुझा कर्नल जुना झालाय. आज रात्री नवा टाकू. जुना शेजारी असू दे, अडचणीला बरा.’’

मान वळवली तर दारात सौ. उभी आणि तिच्या शेजारी, पार्किंगचं स्टिकर न्यायला आलेल्या, बी विंगमधल्या निवृत्त कर्नलसाहेबांच्या पत्नी. त्या स्टिकर न घेताच गेल्या. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि जन्मदाता प्रोग्राम गेला की अनाथ प्रोग्रामना इनिटने, म्हणजे प्रोसेस नंबर एकने, दत्तक घेण्याची व्यवस्था किती माणुसकीची आहे, हे समजावून सांगायला मी जिन्यापर्यंत गेलो होतो. लिफ्ट निघून गेली होती.

मराठीचं प्रकरण वेगळंच. सोसायटीच्या जुन्या सूचना कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसेल तर त्यातली मराठी उघडी पडते, कारण आतून ती सगळी इंग्रजी अक्षरंच असतात. मथळ्यावरच्या ‘श्री’च्या जागी मोठा जे आणि छोटा एच, आणि खाली पानभर तशीच गिचमिड. गेल्या वर्षीची गणेशोत्सवाची वर्गणी कोणी किती दिली हे फक्त आकड्यांत कळत होतं. फॉन्टची फाइल एका लपलेल्या फोल्डरमध्ये नेऊन टाकली तेव्हा श्री प्रकट झाले. पण नवीन लिहायचं तर युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट कळफलकावर, असा भाच्याचा हट्ट. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. माझी बोटं टंकलेखन परीक्षेच्या रेमिंग्टनवर घडलेली. त्यांना हे उजवं-डावं पटेना. जिन्याच्या सफाईची पहिली सूचना ‘पायर्या धुण्याबाबत’ म्हणून फलकावर लागली. रफार वर उडालेला. खाली कोणीतरी पेन्सिलीने ‘कोण आर्या?’ असं लिहून गेलं. ‘ऱ्या’ हवा असेल तर शिफ्टसकट जे दाबून वेगळा ऱ घ्यायचा, मग त्याचा पाय मोडायचा, मग य, हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

आणि घड्याळ. कॉम्प्युटरच्या पोटात एक घड्याळ असतं, बटणाएवढ्या सेलवर चालणारं. विंडोज समजतं की त्यात आपली स्थानिक वेळ आहे. लिनक्स समजतं की त्यात ग्रीनिचची, म्हणजे यूटीसी वेळ आहे आणि आपण तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. आपापल्या जागी दोघंही बरोबर. पण एकाच मशीनवर दोघं नांदले की मिंट ते घड्याळ आपल्या पद्धतीने लावून जातं आणि मग विंडोज उघडलं की ते साडेपाच तास मागे. हे मला माहीत नव्हतं. मी सकाळी दहाच्या सुमारास मिंटवर पेपर वाचला, मग विंडोजमध्ये जाऊन थकबाकीच्या नोटिसा छापल्या आणि वॉचमनकरवी वाटल्या. त्या हिशेबाच्या प्रोग्रामला प्रत्येक कागदाच्या तळाशी छपाईची वेळ टाकायची खोड आहे. ती मी कधी पाहत नाही. थकबाकीदार पाहतात. प्रत्येक नोटिशीवर वेळ होती पहाटे 4:32.

सोसायटीत खळबळ उडाली. सेक्रेटरी पहाटे साडेचारला उठून थकबाकी काढतो, हा माणूस कोणत्या थराला जाईल याचा भरवसा नाही, असं ए विंगमध्ये बोललं गेलं. पाच महिने ‘चेक पुस्तक संपलंय’ सांगणाऱ्या गृहस्थांनी संध्याकाळी स्वतः येऊन चेक दिला आणि उभ्याउभ्याच गेले. अध्यक्ष म्हणाले, ‘‘झोप घेत जा हो.’’ कर्नलसाहेबांनी, पत्नीकडून जे काही ऐकलं असेल ते ऐकूनही, जिन्यात मला थांबवून कडक हस्तांदोलन केलं. पहाटे उठणाऱ्या माणसाबद्दल फौजेत आदर असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून विंडोजवर बसलो तर ते सकाळचे साडेसात दाखवत होतं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भाच्याला विचारलं. त्याने एका ओळीची आज्ञा पाठवली. मिंटला सांगायचं की घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव, की दोघांचं जुळलं. चूक कोणाची, हे मी सवयीने विचारलं. तो म्हणाला, कोणाचीच नाही, प्रत्येकाची पद्धत वेगळी. या लिनक्समध्ये एकदाही कोणी धड गुन्हेगार सापडलेला नाही.

मशीन आता बटण दाबल्यावर लगेच सुरू होतं, सकाळची नावं ठेवण्याची बैठक त्यामुळे बंद पडली आहे, आणि झारा स्वभावाने चांगली आहे असं सौ.चंही मत झालं आहे. ती आज्ञा मी टिपून ठेवली आहे, चालवलेली नाही. बी विंगमधली दोन जुनी बिलं अजून यायची आहेत. ती जमा झाली की घड्याळ लावणार आहे. तोवर, हे वाचणाऱ्यांपैकी डोंबिवलीत आमच्या बाजूला कोणाचे नातेवाईक राहत असतील, तर त्यांनी कृपा करून साडेपाच तासांचा विषय तिथे काढू नये.